एमबीएच्या गटाने छोट्या संस्थेचं नियोजन करताना कोणतं फ्रेमवर्क वापरावं?

तुम्ही लिहिलंय, सहा आठवड्यांत एका संस्थेचा पाच वर्षांचा स्ट्रॅटेजिक प्लॅन करायचाय. फ्रेमवर्क, म्हणजे नियोजनाचा ठरलेला साचा, कोणताही घ्या, फरक पडत नाही. आधी संस्थेचा हिशेब लिहिणाऱ्या माणसाशेजारी दोन दिवस बसा.

मी पुण्यात एका संस्थेचे हिशेब 19 वर्षं लिहितेय. 2017 साली आमच्याकडे असाच चार जणांचा गट आला होता. पर्वतीच्या जनता वसाहतीत आमच्या दोन अभ्यासिका होत्या. खाली रस्त्यालगतच्या अभ्यासिकेत 40 मुलं, वर टेकडीवरच्या अभ्यासिकेत 14 मुली. गटाने खतावणीतून आकडे काढले: एका मुलामागे महिन्याला खाली 200 रुपये, वर 750. शिफारस केली, वरची बंद करा, मुलींना खाली आणा.

750 चा आकडाच खोटा होता. आम्हाला मदत करणाऱ्या कंपनीने सीएसआरमधून (कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायचा निधी) शिकवणाऱ्या ताईंचा महिन्याचा 9,000 रुपये पगार वरच्या केंद्राच्या नावावर मंजूर केला होता. पैसा ज्या सदरात मंजूर त्याच सदरात दाखवावा लागतो, म्हणून मी तो सगळा तिथे टाकायचे. ताई मात्र 4 ते 6 खाली शिकवायच्या आणि साडेसहा ते साडेआठ वर. पगार निम्मा-निम्मा वाटला तर वर साधारण 430 येतात, खाली 312. गटाने मला एकदा विचारलं असतं तर पाच मिनिटांत सांगितलं असतं.

मी हे बैठकीत मांडलं. एक विश्वस्त म्हणाले, "भावना बाजूला ठेवा, आकडे बघा." अहो, मी आकडेच सांगत होते! वरच्या मुली चारला खाली येऊच शकत नव्हत्या. आई धुणीभांडी उरकून सहाला घरी येईपर्यंत धाकटी भावंडं त्यांच्याच गळ्यात. वरची अभ्यासिका बंद केल्यावर 14 पैकी 3 मुली खाली आल्या.

तर तुम्ही वाटणीचे खर्च, म्हणजे एकाहून जास्त केंद्रांसाठी होणारे खर्च, आधी शोधा. पगार, भाडं, रिक्षा. दुसरं, कोणता पैसा कोणत्या महिन्यात येतो ते लिहा. अनुदानाचा दुसरा हप्ता विनियोग प्रमाणपत्र (पहिला हप्ता ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) दिल्यावर येतो, तोवर पगार कशातून होतात हा खरा प्रश्न असतो. आणि कोणी म्हणालं की कायद्याने संस्थेला प्रशासनावर 5 टक्क्यांहून जास्त खर्च करता येत नाही, तर ऐकू नका. सीएसआर नियमांतली ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या खर्चाला आहे.

सगळेच गट तसे नसतात. पुढच्या वर्षी आलेल्या गटातल्या एका मुलीने मला महिनावार जमाखर्चाचा तक्ता करून दिला, तो मी आजही वापरते.

शेवटचं सादरीकरण विश्वस्तांच्या आधी शिकवणाऱ्यांसमोर करा, त्यांच्या सोयीच्या वेळी. आमची ती बैठक संध्याकाळी साडेसहाला ठेवली होती. ताई तेव्हा वर वर्ग घेत होत्या.