रेडिएशनचा गाठीवर किती परिणाम होईल, हे आधी कळते का?

खारघरला काकांना घशाच्या कर्करोगासाठी 35 सिटिंग सांगितल्या आहेत, तर गुण येईल का, असे आपण विचारले आहे. खात्रीने भाकीत करणारी तपासणी रोजच्या वापरात नाही; मात्र गाठ टॉन्सिल किंवा जिभेच्या मुळाशी असून बायॉप्सीत पी16 (एचपीव्ही विषाणूशी संबंध सुचवणारे प्रथिन) पॉझिटिव्ह आले, तर प्रतिसाद बहुधा चांगला मिळतो, पण बिडी-सिगारेटमुळे तो फायदा घटतो. गाठीतला प्राणवायूचा तुटवडा रेडिएशनच्या परिणामाला प्रतिकूलच. माझ्या मते सिटिंग न चुकवणे अधिक मोलाचे, कारण सात आठवड्यांचा उपचार लांबला की कर्करोगाच्या उरलेल्या पेशी वेगाने वाढतात (पनवेल लोकल चुकली, तरी उशिरा का होईना पोहोचावे). गाठ उरली आहे का, हे पाहण्यासाठी पेट (PET) स्कॅन उपचार संपल्यावर साधारण 12 आठवड्यांनी करतात. त्याआधी रेडिएशनमुळे आलेली सूज स्कॅनमध्ये फसवते.