निब ट्यून करून घे, मग बघ

अगं, परवा कॉलेज रोडला भेटलीस तेव्हा म्हणालीस ना, शाईपेन आपल्या हाताला जमत नाही, खरखरतं, मध्येच बंद पडतं, ते डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय. तुझ्या हातात काही दोष नाही, आधी हे मनातून काढ.

निबच्या टोकाला बारीक ठिपका असतो तो स्टीलचा नाही, फार कडक धातूचा, वेल्ड करून बसवतात आणि मग मधोमध चीर पाडतात. चिरेच्या दोन बाजू केसभर वरखाली झाल्या की एक कड कागदात रुतते, तीच तुझी खरखर. निब ट्यून करणारा, म्हणजे ती नीट जुळवून देणारा चांगला माणूस काय करतो, 10 पटीचं भिंग लावून बघतो, नखाने दाबून दोन्ही बाजू एका पातळीत आणतो, चिरेतून पितळेची पातळ पट्टी फिरवतो म्हणजे शाई मोकळी उतरते, आणि अगदी शेवटी मायक्रोमेशवर, म्हणजे अगदी बारीक घासायच्या कापडावर, इंग्रजी आठच्या आकड्यात दोन-चार हलके फेरे. तुला समोर बसवून लिहायलाही लावतो कारण प्रत्येकाचा पेन धरायचा कोन वेगळा. व्हिडिओ बघून घरी घासत बसू नकोस प्लीज, चिरेच्या कडा जास्त गोल झाल्या की शाई कागदाला टेकतच नाही, पहिली रेघ कोरी जाते, आणि गेलेला धातू परत येत नाही.

ट्यून झालं की आधी 'ळ' लिहून बघ. त्याच्या दुसऱ्या गाठीत वर चढताना वाईट निब हमखास अडकते, आणि ट्यून केलेल्या निबेने मात्र हात नुसता वळतो, दाब द्यायचाच नाही, पेनाचं स्वतःचं वजन पुरतं. शिरोरेषा एका दमात जाते, ओली शाई क्षणभर चमकते. खरं सांगू, दोन पानं लिहायची म्हणून बसतो आणि पाच होतात. मला पार काचेसारखी गुळगुळीत निब नाही आवडत, थोडी सळसळ हवीच, नाहीतर आपल्या अक्षरांची वळणं हातातून निसटतात.

आणि हो, नाशकात एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी की विचार करताना टोपण लावायचंच, नाहीतर निब वाळते, मग उगाच ट्युनिंगला नावं ठेवशील. पावसाळ्यात उलटं, कागद सर्दावतो आणि शाई फुटते.

रविवारी पेन कोमट पाण्याने धुऊन घेऊन ये, भिंगातून चीर बघू. रोजची वही आणि शाईपण आण, निब त्याच कागदावर तपासायची असते.