भंडारदऱ्याला तंबूत किंवा कॅराव्हॅनमध्ये दोन रात्री राहायचे असल्यास जागा कशी निवडावी?

तुम्ही लिहिले आहे की डिसेंबरच्या उत्तरार्धात मुंबईहून दोन रात्रींसाठी बाहेर पडायचे आहे, सोबत आठ वर्षांचा मुलगा आणि पासष्टीच्या सासूबाई आहेत, तंबू की भाड्याची कॅराव्हॅन हे ठरलेले नाही, आणि भंडारदऱ्याच्या जाहिरातींतील सगळ्याच जागा सारख्याच सुंदर दिसत असल्याने निवड कशावरून करावी हे कळत नाही. या परिसरात मी बारा-तेरा वर्षे कुटुंबासह जात आलो आहे आणि दोन-तीन वेळा चांगलाच फसलोही आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट अशी की सह्याद्रीत आपण ज्याला कौतुकाने तलाव म्हणतो तो बहुतेक ठिकाणी धरणाचा जलाशय असतो. भंडारदऱ्याचा आर्थर लेक म्हणजे प्रवरा नदीवरील विल्सन धरणाने अडवलेले पाणी. या धरणाचे काम 1910 साली सुरू होऊन 1926 मध्ये पूर्ण झाले, आणि ते बांधले गेले ते खालच्या भागातील शेतीसाठी, आपल्या सहलींसाठी नव्हे. पावसाळ्याच्या अखेरीस जलाशय काठोकाठ भरलेला असतो. पुढे शेतीसाठी आवर्तने, म्हणजे ठरावीक पाळीने सोडायचे पाणी, सुटू लागली की पाणी उतरत जाते आणि एप्रिल-मेपर्यंत काठ कुठल्या कुठे मागे सरकलेला असतो. जाहिरातीतले छायाचित्र मात्र बारा महिने सप्टेंबरचेच असते. आम्ही एकदा एप्रिलअखेरीस असेच छायाचित्र पाहून पैसे भरले. तिथे गेल्यावर तंबूपुढे पाण्याऐवजी भेगाळलेल्या गाळाचा उतार होता, आणि पाणी गाठायच्या उत्साहात धावत सुटलेला माझा पुतण्या गुडघ्यापर्यंत चिखलात रुतला. त्याला आम्ही दोघांनी बाहेर ओढला, पण त्याचा एक बूट अजून तिथेच असावा.

म्हणून फोनवर ‘लेक व्ह्यू आहे का’ असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर ‘आहे’ असेच येते. ‘आज तंबूपासून पाणी किती पावलांवर आहे’ असे विचारा आणि तिथून आजच काढलेला व्हिडिओ मागवा. ज्याची जागा खरोखर चांगली असते तो माणूस पाच मिनिटांत व्हिडिओ पाठवतो. पाणी ओसरून उघड्या पडलेल्या गाळाच्या पट्ट्यावरच तंबू लावून देतो असे कोणी म्हणाले, तर तिथे जाऊ नका. ती धरणासाठी संपादित झालेली जमीन असते, आणि रात्री अंधारात लहान मुलाचे पाऊल नेमके कुठे पडेल हे सांगता येत नाही. तुम्ही निवडलेला डिसेंबर मात्र सोयीचा आहे, कारण तेव्हा जलाशयात पुरेसे पाणी असते आणि वरची जमीन वाळलेली असते.

आता कोणता काठ. धरणाजवळचे मुख्य गाव शेंडी. तिथून जलाशयाला वळसा घालणारा रस्ता मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे आणि मुतखेल या गावांवरून पुन्हा शेंडीला येतो. निसर्गाच्या दृष्टीने रतनवाडीचा परिसर मला सर्वांत आवडतो. तिथे अमृतेश्वराचे प्राचीन मंदिर आहे आणि डोक्यावर रतनगड किल्ला उभा आहे. पण हिवाळ्यात वयस्कर माणसाला घेऊन मुक्कामाला मी तिथे जाणार नाही, कारण डोंगराच्या कुशीतल्या गावात ऊन उशिरा येते, लवकर जाते आणि गारठा मुरतो. मुरशेत-पांजऱ्याच्या बाजूला कळसूबाईची रांग उत्तरेला पाठीशी येते, समोर दक्षिणेकडे पाणी उघडे असते, आणि हिवाळ्यातला दक्षिणेकडे झुकलेला सूर्य सकाळपासून अंगावर येतो. सासूबाईंना सकाळी साडेसातला खुर्ची टाकून उन्हात चहा घेता येणे हे माझ्या मते कुठल्याही देखाव्यापेक्षा मोलाचे आहे. रतनवाडी दुसऱ्या दिवशी दुपारी पाहून येता येते.

जमिनीविषयी थोडे थांबून सांगावेसे वाटते, कारण याकडे कोणी लक्षच देत नाही. या भागात भाताची कापणी झाली की खाचरे मोकळी होतात. पायऱ्यापायऱ्यांची, बांध घातलेली, पाणी साठावे म्हणून मुद्दाम समतल केलेली ही जमीन तंबूसाठी आयती तयार असते, आणि शेतकरी स्वतःच्याच खाचरात तंबू लावून देत असेल तर पैसेही थेट त्याच्या घरात जातात. मात्र कापलेल्या भाताचे खुंट टोकदार असतात आणि तंबूचा तळ पातळ असतो. पहिल्या वर्षी मी रात्रभर पाठीखाली टोचणारा एकेक खुंट मोजत पडलो होतो. तेव्हापासून तंबूखाली भाताचा पेंढा चांगला वीतभर अंथरायला आणि त्यावर ताडपत्री टाकायला सांगतो. त्याने खुंट टोचत नाहीत आणि जमिनीचा गारवाही वर येत नाही. तंबू बांधाला चिकटून लावू नये, कारण उंदरांची बिळे बांधात असतात आणि उंदरामागे साप येतो. वाळलेल्या खाचराच्या भेगांत विंचूही असू शकतो, म्हणून तंबूची चेन सदैव लावलेली ठेवावी आणि सकाळी बूट झटकल्याशिवाय पायात घालू नयेत.

अनेक खाचरांपैकी कोणते निवडावे, तर पाण्याला अगदी लागून असलेले सर्वांत खालचे शक्यतो टाळावे. रात्री थंड हवा उतारावरून खाली वाहत येऊन तळाशी साचते आणि पाण्याकाठी दवही जास्त पडते. दोन-तीन खाचरे वर गेलात तर देखावा तेवढाच राहतो आणि गारठा जाणवण्याइतका कमी होतो. थंडीच्या भीतीने लोक तंबूच्या सगळ्या खिडक्या बंद करतात, हीही एक चूकच आहे. चार माणसांच्या श्वासातली वाफ आतल्या कापडावर जमते आणि पहाटे चारच्या सुमारास तिचे थेंब तोंडावर पडू लागतात. एकदा याच चुकीने आमची पांघरुणे पाऊस पडल्यासारखी ओली झाली होती. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची एक खिडकी बोटभर उघडी ठेवावी, वर दुहेरी कापड असलेला तंबू मागावा आणि चार माणसांच्या म्हणून दिलेल्या तंबूत तिघांनीच झोपावे. शेगडी किंवा निखारे मात्र ऊब यावी म्हणून कधीही तंबूत घेऊ नयेत, त्यातून निघणाऱ्या, वास नसलेल्या विषारी वायूने झोपेतच जीव जाऊ शकतो.

यानंतरचा प्रश्न शेजाराचा. शुक्रवार-शनिवारी काही जागांवर चाळीस-पन्नास तंबू एकमेकांच्या दोऱ्या अडकतील इतके जवळ लावतात आणि मधोमध मोठा स्पीकर ठेवतात. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास कायद्याने मनाई आहे, पण रात्री साडेअकराला डोंगरात तो कायदा कोणाला सांगणार? म्हणून आधीच दोन गोष्टी विचाराव्यात: त्या रात्री एकूण किती तंबू लागणार आहेत, आणि संगीत किती वाजता बंद होते. ‘कुटुंबांसाठी वेगळी सोय आहे’ या उत्तरावर विसंबू नये, आवाजाला कुंपण नसते. माझा अनुभव असा की दहापेक्षा कमी तंबू असलेली आणि मालक स्वतः शेजारच्या घरात राहतो अशी जागा हमखास शांत असते. नाताळ आणि एकतीस डिसेंबरच्या आसपासचे दिवस सोडून सोमवार ते गुरुवार जाता आले, तर हा प्रश्नच उरत नाही.

सासूबाईंसाठी शौचालय ही सर्वांत आधी पाहायची गोष्ट आहे. ते पक्के आहे का, बसायचे कमोड आहे का, तंबूपासून किती अंतरावर आहे, वाटेत पायऱ्या किंवा बांध ओलांडावा लागतो का आणि रात्री दिवा असतो का, हे संकोच न करता विचारावे. अंतर पन्नास-साठ पावलांहून अधिक असेल तर पहाटे दोनला कोणाला तरी उठावे लागते, आणि ते तुम्हीच असाल. मी तर सरळ सुचवेन की मालकाच्या घरातली एक खोली त्यांच्यासाठी घ्यावी आणि तुम्ही तिघे अंगणापुढच्या खाचरात झोपावे. बऱ्याच घरांत अशी सोय होते, रात्री गरम पाणी मिळते, आणि चुलीपाशी बसून घरातल्या आजींशी त्यांच्या गप्पा रंगतात त्या वेगळ्याच.

कॅराव्हॅनबद्दल थोडक्यात सांगतो. राज्य शासनाने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आणि भाड्याने गाड्या मिळू लागल्या हे खरे, पण भंडारदऱ्याच्या फेरीच्या रस्त्यावर तेवढी मोठी गाडी नेण्याचा सल्ला मी देणार नाही. रस्ता अरुंद आहे, वळणांवर समोरून एसटी आली तर मागे घ्यावे लागते, आणि गावांत झाडांच्या फांद्या व विजेच्या तारा खाली आलेल्या असतात. कॅराव्हॅनच घ्यायची असेल तर शेंडीतच एखाद्या मोठ्या आवाराच्या मुक्कामाच्या जागेत ती लावावी. सपाट व टणक जागा, पंधरा अँपिअरचे प्लग, पाणी भरायची सोय आणि सांडपाणी सोडायची जागा या चार गोष्टी आधी पक्क्या कराव्यात. कॅराव्हॅनचे सांडपाणी ओढ्यात किंवा जलाशयाकडे सोडणे हा गुन्हा नसता तरी पाप आहे. तुमच्या दोन रात्रींसाठी तंबू आणि खोली हेच स्वस्त आणि सुटसुटीत पडेल.

तारीख ठरवताना चंद्राकडेही पाहावे. मुलाला आकाश दाखवायचे असेल तर अमावस्येच्या चार दिवस अलीकडे-पलीकडे जावे. तारीख थोडी अलीकडे आणता आली तर 13-14 डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतून येणारा उल्कावर्षावही गाठता येईल. काजव्यांसाठी हा परिसर प्रसिद्ध आहे, पण ते मेअखेर ते जूनच्या पूर्वार्धात, पाऊस स्थिरावण्यापूर्वी हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर दिसतात. डिसेंबरात कोणी ‘काजवे दाखवतो’ म्हणाले तर ती जागा यादीतून काढून टाका.

हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे नाक्यावर प्रवेशशुल्क भरावे लागते आणि जंगलात शेकोटी पेटवता येत नाही. शेकोटी हवीच असेल तर ती मालकाच्या अंगणात, विकतच्या लाकडांवर. पाण्यात उतरण्याचा आग्रह मुलाने धरला तरी उतरू देऊ नका. तळाशी जुनी शेते आणि बांध बुडालेले असतात, चार पावले गुडघाभर पाणी आणि पाचव्याला एकदम खोल असा प्रकार असतो. होडीत बसायचे तर जीवरक्षक जॅकेट मुलाच्या मापाचे आहे का ते बांधून पाहावे; मोठ्यांचे जॅकेट मुलाच्या डोक्यावरून निघून जाते.

मुंबईहून कसारा घाट, इगतपुरी आणि घोटी असा रस्ता आहे. पेट्रोल घोटीतच भरून घ्या, आणि रोख पैसेही तिथेच काढा. निघताना वेळ अशी साधा की तीनच्या सुमारास जागेवर पोहोचाल, म्हणजे कुठल्या खाचरात आणि कुठे तोंड करून तंबू लावायचा हे उजेडात स्वतः ठरवता येईल. अंधार पडल्यावर पोहोचणाऱ्यांना उरलेला तंबू मिळतो, आणि तो बहुधा शौचालयाच्या दारातला नाहीतर स्पीकरच्या शेजारचा असतो. जेवणात काळभात या स्थानिक तांदळाचा भात आणि नाचणीची भाकरी करायला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, नाहीतर शहरातून आलेल्यांना पनीरच हवे असते असे समजून तेच ताटात वाढतात.