मेल कळतो, पण हातावेगळा होत नाही

"मॅडम, माझ्या वडिलांचं झालं तेच माझं सुरू झालंय का, एवढंच सांगा."

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच संदीप बोलले. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहायला त्यांची परवानगी आहे.) वय ४१. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, गिऱ्हाइकांशी पत्रव्यवहार, कोटेशन, ड्रॉइंग, डिस्पॅच हे सगळं त्यांच्याकडं. राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत बसल्यापासून दहा मिनिटांत शर्टाच्या खिशातला फोन चार वेळा थरथरला आणि चारही वेळा त्यांचा हात खिशाकडं गेला.

त्यांच्या वडिलांना शेवटची काही वर्षं विस्मरणाचा आजार होता. स्वतःच्या मुलाला ते "पाव्हणं, कुठनं आला?" असं विचारायचे. तो प्रश्न संदीपच्या कानातून गेलेला नव्हता. त्यात दोन महिन्यांपूर्वी कारखान्यात चूक झाली. एका गिऱ्हाइकानं सुधारित ड्रॉइंग मेलवर पाठवलं, एका बॉसची, म्हणजे ओतीव भागावरच्या उंचवट्याची, जाडी ३ मिलिमीटरनं वाढवली होती. संदीपनी मेल वाचला, 'नोटेड' असं उत्तर पाठवलं आणि पॅटर्न (ज्यावरून साचा घेतात तो नमुना) मात्र जुन्या ड्रॉइंगवरच राहिला. १८० कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, भंगारात गेली. मालकांनी शॉपमध्ये सगळ्यांच्या देखत विचारलं, "वाचला होतास न्हवं?"

"वाचलेला, मॅडम. उत्तर पण दिलेलं. आणि मला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. तेव्हापासून भ्या वाटायला लागलंय."

तेव्हापासून ते रात्री दोन-दोन वाजता उठून फोन बघत होते, काही सुटलं तर नाही ना म्हणून. झोप मोडली की स्वतःची परीक्षा घ्यायचे. गाव साळवणच्या पुढचं. लहानपणी एसटीनं जाताना लागणारी गावं अंधारात ओळीनं आठवायची: फुलेवाडी, बालिंगा, कळे, साळवण, थेट गगनबावड्यापर्यंत. एखादं नाव क्षणभर अडलं की छातीत धडधड.

ही काळजी घेऊन येणारे संदीप एकटे नाहीत. कॉलेजच्या ऑफिसातल्या बाई, सीएकडं काम करणारा मुलगा, साखर कारखान्याच्या खरेदी विभागातले गृहस्थ असे कितीतरी जण गेल्या काही वर्षांत माझ्यासमोर बसले. शब्द वेगवेगळे, गाऱ्हाणं एकच: फोन दिवसभर हातात असतो, मेल लगेच वाचतो, तरी कामं सुटतात. मग कुणी स्वतःला बेजबाबदार म्हणतं, कुणी विसराळू, कुणी म्हणतं माझं डोकंच कमी पडायला लागलंय. प्रत्येकानं निकाल स्वतःविरुद्ध लावलेला असतो. फोनवर कामाचा मेल सांभाळता येतो का, हा प्रश्न मात्र कुणीच विचारलेला नसतो.

भीती आजाराची होती, म्हणून आधी मी त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडं पाठवलं. बी-बारा कमी असलं, थायरॉइड बिघडला, झोप मोडली, मन खचलं, तरी विस्मरण झाल्यासारखं वाटतं. हे तपासल्याशिवाय 'तुम्हाला काही झालेलं नाही' असं सांगणं मला पटत नाही. रिपोर्ट ठीक आले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वडिलांच्या आजारासारखं काही दिसत नाही, झोप तेवढी सुधारा.

मग मी त्यांना एक साधी शंभर पानी वही घ्यायला सांगितली. आठवडाभर फोनवर उघडलेल्या कामाच्या प्रत्येक मेलची नोंद करायची: कुठं होतो, काय वाचलं, लगेच काय केलं, आणि दुसऱ्या दिवशी त्या मेलचं काय झालं.

वही वाचताना मला त्यांच्या दिवसाचा रस्ताच दिसला. तावडे हॉटेलजवळ सिग्नलला एक मेल. फौंड्रीच्या दारात गाडी लावताना दोन. मोल्डिंग लाइनवर उभं राहून, भट्टीच्या आवाजात एक. जेवताना तीन. संध्याकाळी रंकाळ्यावर मुलीला फिरायला नेलेलं, तिथं बाकावर चार. 'काय केलं' या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच शब्द होता: बघितलं. आणि शेवटच्या रकान्यात पुन्हा पुन्हा: राहिलं.

"संदीप, यातल्या किती मेलचा निकाल तुम्हाला जिथं होता तिथंच लावता आला असता?" मी विचारलं.

त्यांनी वही उलटीपालटी केली. कोटेशनला जुने दर लागतात, ते ऑफिसच्या कॉम्प्युटरवर. ड्रॉइंग पॅटर्न शॉपला प्रिंट काढून द्यावं लागतं. डिस्पॅचची तारीख शॉपमध्ये विचारल्याशिवाय सांगता येत नाही. "एक-दोनच," ते म्हणाले. "बाकीचे नुसते डोक्यात घेऊन फिरलो."

त्या नुकसानीच्या दिवसाचं काय झालं हे मला त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघायला हवं होतं. म्हणून पुढच्या भेटीला लॅपटॉप आणायला सांगितला. तोच मेल एका बाजूला फोनवर, दुसऱ्या बाजूला लॅपटॉपवर उघडला. समुपदेशनाच्या खोलीत असला प्रयोग मी पहिल्यांदाच करत होते.

फोनवर त्या पत्रव्यवहाराची अख्खी साखळी घडी घालून ठेवलेली. सगळ्यात नवा मेल तेवढा उघडा, तोही दोन ओळींचा: सुधारित ड्रॉइंग जोडलं आहे, कृपया पोच द्या. जाडी का वाढवली, पुढच्या लॉटपासूनच बदल लागू, हे चार दिवस आधीच्या मेलमध्ये होतं आणि तो मजकूर तीन टिंबांच्या मागं दडलेला. मेल आणखी कुणाकुणाला गेलाय ती नावं एका ओळीत गुंडाळलेली. संदीपनी उत्तर देताना 'सगळ्यांना' हा पर्याय निवडला नव्हता, म्हणून ते एकट्या गिऱ्हाइकाला गेलं. पॅटर्न शॉपचे सुपरवायझर मूळ मेलच्या कॉपीत होते. संदीपसाहेबांचं काही उत्तर दिसलं नाही, म्हणजे अजून ठरतंय, असं समजून ते थांबले होते.

मग ड्रॉइंग. एथ्री आकाराचा कागद तळहाताएवढ्या काचेवर. बदलाची खूण आणि रिव्हिजनचं (ड्रॉइंगची कितवी सुधारित आवृत्ती ते सांगणारं) अक्षर उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत. फोनवर ती चौकट वाचायला बोटांनी मोठं करावं लागत होतं, आणि मोठं केलं की बाकीचं ड्रॉइंग पडद्याबाहेर जात होतं. 'सी'च्या जागी 'डी' झालंय हे लॅपटॉपवर संदीपना बसल्या बसल्या दिसलं. वीस वर्षं ड्रॉइंग वाचणारा माणूस तो. फोनवरचं तेच पान पुन्हा बघून ते म्हणाले, "हे मी वाचलंच नव्हतं. मी फक्त उघडलेलं."

त्याहून मोठी गोष्ट मेलच्या यादीत होती. फोनवर एकदा उघडलेला मेल ऑफिसच्या कॉम्प्युटरवरही 'वाचलेला' म्हणूनच दिसतो, कारण खातं एकच. ठळक अक्षरं जातात आणि तो कालच्या पन्नास मेलमध्ये मिसळून जातो. सकाळी टेबलावर बसून संदीप ठळक अक्षरातले मेल एकेक करून संपवायचे. त्यांची ती सवय चांगलीच होती. पण त्यांनीच आदल्या संध्याकाळी रंकाळ्यावर तो मेल उघडून स्वतःच्या नजरेआड केला होता.

थोडं वेगळं चित्र मी दुसऱ्या एका छोट्या कारखान्यात पाहिलं. तिथं ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मेल जुन्या पीओपी पद्धतीनं, म्हणजे फोनशी मेळ न राखता त्या एका कॉम्प्युटरवर, उतरवून घेत. फोनवरून दिलेलं उत्तर त्या कॉम्प्युटरच्या 'पाठवलेले' यादीत येतच नव्हतं, म्हणून टेबलावरची मुलगी त्याच गिऱ्हाइकाला वेगळा दर कळवून बसली. दोघंही एकमेकांना निष्काळजी समजत होते. आयमॅप पद्धत, म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवून सगळीकडं एकसारखे दाखवणारी, लावली की पाठवलेला मेल दोन्हीकडं दिसतो. तुमच्या ऑफिसात भांडण याच कारणानं होत असेल, तर कॉम्प्युटरचं बघणाऱ्या माणसाला आधी हे विचारा.

संदीप बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे मी विसरलो नव्हतो?"

मी त्यांना सांगितलं ते इथंही सांगते, कारण माझा यावर विश्वास आहे. लक्षात ठेवायला आधी ती गोष्ट लक्ष देऊन मनात उतरवावी लागते. भट्टीच्या आवाजात किंवा मुलगी हात ओढत असताना नजरेखालून गेलेली ओळ मनात उतरतच नाही, मग आठवणार कुठून? आणि जी थोडीफार उतरते, ती अर्धवट काम म्हणून टोचत राहते. ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ मध्ये प्रयोग करून मांडलं होतं की पूर्ण केलेल्या कामापेक्षा मध्येच तुटलेलं काम माणसाच्या मनात जास्त रेंगाळतं. संदीप दिवसाला अशी वीसेक कामं स्वतःच्या हातानं अर्धी तोडत होते. रात्री दोनला जाग येणार नाही तर काय?

फोन मेल कळवायला उत्तम आहे, यात शंका नाही. परगावी असताना गाडी अडली, माल थांबला, हे लगेच कळतं. पण कळणं वेगळं आणि हातावेगळं करणं वेगळं. त्याला जुने कागद शेजारी उघडावे लागतात, दोन फायली ताडून बघाव्या लागतात, सलग चार वाक्यं नीट लिहावी लागतात. फोनवर एका वेळी एकच खिडकी नीट दिसते, आणि अंगठ्यानं टाइप करताना माणूस आपोआप 'ओके', 'नोटेड', 'बघतो' यावर येतो. समोरच्याला तो होकार वाटतो.

मग काय केलं? फोन बंद करायला मी सांगितलं नाही. नोकरी करणाऱ्या माणसाला ते जमत नाही, आणि न जमलेला सल्ला आणखी एक अपराध होऊन बसतो. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या कुश्लेव्ह आणि डन या दोघांनी २०१५ मध्ये १२४ प्रौढांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. एक आठवडा मेल दिवसातून तीनदाच बघायचे, एक आठवडा हवे तेवढ्या वेळा. तीनदा बघण्याच्या आठवड्यात लोकांचा रोजचा ताण कमी होता. त्यावरून आम्ही तीन वेळा ठरवल्या: सकाळी साडेनऊ, दुपारी जेवणानंतर, संध्याकाळी पाच, टेबलावर, कॉम्प्युटरसमोर. मधल्या वेळात फोनवर फक्त पाठवणाऱ्याचं नाव आणि विषय बघायचा. चुकून उघडलाच तर तिथल्या तिथं पुन्हा 'न वाचलेला' करून ठेवायचा. या एवढ्या एका गोष्टीनं संदीपना पहिल्याच आठवड्यात सगळ्यात जास्त हायसं वाटलं.

ड्रॉइंग, दर आणि बँक खातं या तीन विषयांवर फोनवरून उत्तर द्यायचंच नाही, हेही ठरलं. बँक खात्याबद्दल मी जास्तच आग्रही होते. 'आमचं खातं बदललंय, पैसे या नव्या खात्यात भरा' असे खोटे मेल ओळखीच्या नावानं येतात. फोनवर बहुतेक वेळा नुसतं नाव दिसतं, खरा पत्ता त्या नावावर टिचकी मारल्याशिवाय दिसत नाही. असा मेल आला तर आधी जुन्या, माहितीतल्या नंबरवर फोन करून विचारावं, आणि फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.

सगळ्यात अवघड काम मालकांशी बोलण्याचं होतं. कामचुकारपणा वाटेल ही भीती. आम्ही ते संभाषण खोलीत दोनदा करून बघितलं, मी मालक झाले. पहिल्यांदा संदीप माफीच मागत राहिले. दुसऱ्यांदा त्यांनी तेच केलं जे माझ्यासमोर झालं होतं: फोन आणि लॅपटॉप शेजारी ठेवून तो मेल दाखवला. प्रत्यक्षातही त्यांनी हेच केलं.

"मालक म्हणले, बरं, तीन वेळा बघ. पण अडलं तर मी फोन करणार, उचलायचा. आणि रात्री धाच्या आत एकदा नजर टाकत जा." संदीप थोडे हिरमुसले होते. मला हा सौदा चांगला वाटला. तातडीचं असेल तर फोन, बाकी मेल, ही वाटणी मालकाच्या तोंडून आली. रात्रीची नजर मलाही नको होती. कामाच्या वेळेनंतर कामाचे निरोप नाकारण्याचा हक्क असावा म्हणून फ्रान्समध्ये २०१७ पासून कायदा आहे, आपल्याकडं सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं. तसा हक्क इथं नोकरदाराच्या हातात येईपर्यंत माझ्यासमोरच्या माणसाला मालकाशी बोलूनच जागा करून घ्यावी लागते. नऊ वाजता एकदा बघायचं आणि फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावून झोपायला जायचं, असं त्यांच्या पत्नीनं सुचवलं. त्या म्हणाल्या, "अहो, अलार्मचं घड्याळ मी देते की आणून."

सगळं सरळ झालं असं नाही. तिसऱ्या आठवड्यात तावडे हॉटेलच्या सिग्नललाच त्यांनी एका कोटेशनला 'ओके' पाठवलं. पण ऑफिसात पोचताच त्यांच्या लक्षात आलं आणि गिऱ्हाइकाला फोन करून त्यांनी सांगितलं, अजून दर बघितला नाही, दुपारपर्यंत कळवतो. पूर्वी असल्या चुकीवर रात्र गेली असती.

सहाव्या भेटीत वही परत आणली होती. शेवटच्या रकान्यात 'राहिलं' दोनदा होतं. मी झोपेबद्दल विचारलं.

"जाग येती अजून अधनंमधनं. मग गावं म्हणायला लागतो." ते पहिल्यांदाच मोकळं हसले. "पण हल्ली कळ्याच्या पुढं जात न्हाई, मॅडम. तिथंच झोप लागती."