कर्करोगाची पेशी आपलीच, मग एनके पेशीला ती कळते कशी?

प्रिय सानिका,

अनेक आशीर्वाद. रोगप्रतिकार यंत्रणा परक्याला ओळखून मारते असं पुस्तकात आहे. पण कर्करोगाची पेशी तर आपलीच, मग नैसर्गिक मारक पेशी म्हणजे एनके पेशी तिला का मारते, असं तू विचारलंस. पुस्तकातलं वाक्य अर्धंच आहे. एनके पेशी परकेपणा शोधतच नाही. समोरच्या पेशीवर काय नाहीसं झालंय आणि काय नवं उगवलंय, ते ती चाचपते.

आधी नाहीसं काय होतं ते बघ. केंद्रक असलेल्या आपल्या जवळजवळ सगळ्या पेशींवर एचएलए वर्ग १ ची प्रथिनं असतात. पेशीच्या आतल्या प्रथिनांचे तुकडे ती बाहेर धरतात आणि रोगप्रतिकार यंत्रणेतल्याच टी पेशी ते तपासतात. त्यामुळे पुष्कळ ट्यूमर, म्हणजे कर्करोगाच्या गाठी, ही प्रथिनं घटवून टी पेशींना चुकवतात. पण एनके पेशीवरचे किर आणि एनकेजी२ए हे रिसेप्टर, म्हणजे खुणा पकडणारी प्रथिनं, याच प्रथिनांना जुळतात आणि आत ‘थांब’ असा संदेश पाठवतात. प्रथिनं गेली की थांबवणारं कोणी उरत नाही. स्वीडनच्या क्लास कॅरे आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये उंदरांवर हेच दाखवलं: एचएलएची उंदरातली जोडीदार प्रथिनं गमावलेल्या ट्यूमर पेशींचा फडशा पडला, ती शाबूत असलेल्या वाढत राहिल्या.

तेवढ्यानं भागत नाही मात्र. तांबड्या रक्तपेशींवर एचएलए जवळपास नसतंच, तरी त्या सुखरूप असतात, कारण ‘मार’ म्हणणारी खूणही त्यांच्यावर नसते. डीएनए बिघडला, पेशी ताणाखाली आली, की तिच्यावर मायका, मायकबी, यूएलबीपी ही प्रथिनं वर येतात. एनके पेशीवरचा एनकेजी२डी हा रिसेप्टर ती पकडतो. शेवटी तराजूच तो. ताणाच्या खुणा भरपूर असतील, तर एचएलए असूनही पेशी मारली जाते.

निकाल लागला की एनके पेशी समोरच्या पेशीला घट्ट चिकटते आणि आतले कण त्या सांध्याकडे सरकवते. कणांमधलं परफोरिन कॅल्शियमच्या मदतीनं पेशीपटलाला भोकं पाडतं, ग्रँझाइम नावाची विकरं आत शिरतात आणि पेशीचा नियोजित मृत्यू सुरू होतो. एकच एनके पेशी अशा अनेकींना ओळीनं संपवू शकते.

आणखी एक वाट आहे, औषधांना फार उपयोगी: ट्यूमर पेशीला चिकटलेल्या अँटिबॉडीची शेपटी एनके पेशी सीडी१६ या रिसेप्टरनं धरते. रिटुक्सिमॅब आणि ट्रास्टुझुमॅब या कर्करोगावरच्या अँटिबॉडी-औषधांच्या कामाचा काही भाग असाच होतो.

मग कर्करोग होतोच कसा? ट्यूमर मायका कापून रक्तात सोडतो. ते सुटे तुकडे एनकेजी२डीला चिकटतात आणि तो रिसेप्टर पेशीच्या आत ओढला जातो. टीजीएफ-बीटा नावाचं संदेश देणारं प्रथिन सोडून ट्यूमर एनके पेशींना मंद करतो, एनकेजी२एला जुळणारं एचएलए-ई वाढवून ‘थांब’चा जोर वाढवतो. शिवाय घट्ट गाठीत एनके पेशी मुळात कमीच पोचतात, आणि मला हीच सर्वांत मोठी अडचण वाटते. एनकेजी२ए अडवणाऱ्या मोनालिझुमॅब या औषधाची डोके-मानेच्या कर्करोगावरची मोठी चाचणी २०२२ मध्ये फायदा दिसेना म्हणून थांबवावी लागली. ‘थांब’ पुसलं म्हणून ‘मार’ आपोआप येत नाही.

तुझा,
बाबा