खेळात हिशेब बरोबर, मग पेपरात का चुकतो?

‘शाळामा पोरे नुसता खेळतस, मंग शिकतस कवय?’ म्हणजे शिकतात केव्हा? पारोळा तालुक्यातले एक कापूस पिकवणारे वडील चौथीतल्या मुलीला माझ्याकडे घेऊन आले, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न हा होता. वर्गात आठवड्यातून एकदा दुकानाचा खेळ मांडतात, बाई वही घेऊन शेजारी बसतात आणि त्यावर मार्क देतात. खेळात पोरगी हुशार, घरी वजाबाकी दिली की गडबडते. मग मार्क खरे की खोटे? खानदेशातले बरेच पालक मला हेच विचारतात.

नियमाचं आधी सांगते. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २९ मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सांगितलेलं आहे, मुलाच्या मनात भीती राहू नये असंही म्हटलं आहे. २०१० साली आपल्या राज्यात ते लागू झालं, तेव्हा तिसरी-चौथीसाठी आकारिकला, म्हणजे शिकता-शिकता होणाऱ्या मूल्यमापनाला, ६० आणि संकलितला, म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षेला, ४० गुण ठरले. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, कृती हे सगळं आकारिकमध्येच येतं. म्हणजे बाई नियमाबाहेरचं काही करत नव्हत्या. पण वडिलांची शंका नियमाने फिटणारी नव्हती.

मी टेबलावर सुटे पैसे ठेवले. ‘सदतीस रुपयांची वही घेतली, पन्नासची नोट दिली. परत किती, बेटा?’ तिने तीन रुपये पुढे सरकवले, ‘चाळीस झाले.’ मग दहाचं नाणं ठेवलं, ‘पन्नास.’ तेरा रुपये, चटकन. लगेच कागदावर ५० खाली ३७ मांडून दिले. उत्तर आलं २७. शून्यातून सात जात नाहीत, म्हणून तिने सातातून शून्य वजा केलं होतं. वडील म्हणाले, ‘पाहा ताई, हेच!’

मला मात्र त्यात मोठी गोष्ट दिसली. फरक म्हणजे काय हे तिला पक्कं कळलेलं आहे. ती पुढे मोजत जाते. अडतंय ते फक्त हातच्यापाशी, कारण दशक सुटा केला की दहा एकक होतात हे तिने हाताने कधी केलंच नव्हतं. नुसत्या पेपरावर ‘गणित कच्चं’ एवढाच शेरा पडला असता. बाईंच्या नोंदवहीतही ‘सुटे बरोबर देते, पुढे मोजून फरक काढते’ असं लिहिलेलं होतं. खेळातून मूल्यमापन होतं ते या अशा नोंदीमुळे. कोण जिंकलं याला तिथे अर्थ नसतो. सापशिडीत वर गेलेलं मूल फाशाच्या दानावर वर गेलेलं असतं. गटात चुणचुणीत पोर आधी ओरडतं, बुजरं मूल त्याच्यामागे लपतं, आणि बाईंनी आधी ठरवलं नसेल की आज नेमकं काय बघायचं, तर तास मजेत जातो नि हाती काहीच लागत नाही. म्हणून ‘किती मार्क पडले?’ यापेक्षा ‘खेळात तुम्ही काय बघितलं?’ असं बाईंना विचारा, हे मी पालकांना कळकळीने सांगते.

बाईंशी बोलून दोन गोष्टी ठरल्या. दुकानदार प्रत्येक मुलाने व्हायचं, आणि सुटे दिल्यावर तीच वजाबाकी पावतीवर उभी मांडायची. घरी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे करायचे. पहिला गठ्ठा वडिलांनीच माझ्यासमोर सोडला आणि मोकळ्या काड्यांतून तिने सात उचलल्या.

‘पण नवोदयच्या प्रवेश परीक्षेच्या पेपराला कोण दुकान मांडणार?’ हा त्यांचा प्रश्न रास्त होता. लेखी सराव लागतोच. रोज तीन-चार उदाहरणं पुरेत, सध्या घड्याळ न लावता, आणि उत्तर चुकलं तर ‘कसं काढलं ते सांग’ म्हणायचं.

दोन अंकी हातचा तिला आता जमतो. मधे शून्य आलं, २०४ मधून ५८, की अजून अडखळते. त्यासाठी बाईंनी दुकानात शंभराच्या खोट्या नोटा आणल्यात. शंभर मोडून दहा-दहाच्या दहा नोटा घेणं सध्या चालू आहे.