पुढच्या पाच वर्षांत शाळेत कोणतं तंत्रज्ञान येणार, हे आधीच कसं ओळखायचं?

तुमच्या मुख्याध्यापकांनी पाच वर्षांचा आराखडा मागितलाय आणि काय लिहावं ते सुचत नाहीये, असं तुम्ही विचारलंय. हे लोढणं माझ्याही गळ्यात दोनदा पडलंय (कॉम्प्युटर शिकवणाऱ्याच्याच गळ्यात पडतं ते), आणि दोन्ही वेळा माझा अंदाज सपशेल चुकला, त्यामुळे बोलायचा थोडा हक्क आहे.

आधी जरा धीर देतो, भलेभले चुकलेत यात. एडिसन १९१३ मध्ये म्हणाला होता की शाळेतली पुस्तकं लवकरच बाद होणार, मुलं सिनेमा बघून शिकणार. शिक्षणात कोणतं तंत्रज्ञान येणार ते सांगणारा होरायझन रिपोर्ट म्हणून एक अहवाल २००४ पासून निघतो, त्यात पूर्वी 'वर्षभरात येणार', 'दोन-तीन वर्षांत', 'चार-पाच वर्षांत' असे कप्पे असायचे. त्याच्या कॉलेजांसाठीच्या आवृत्तीत हातवाऱ्यांवर चालणारे कॉम्प्युटर २०१०, २०११ आणि २०१२ अशी तीन वर्षं 'चार-पाच वर्षांत येणार'मध्येच होते आणि २०१३ ला यादीतून गायब! म्हणजे ज्यांचं कामच हे होतं त्यांची ही गत, मग आपण कोण.

माझी चूक काय झाली तर मी वस्तू बघत बसलो, तास बघितलाच नाही. व्हीआरचे हेडसेट (डोळ्यांवर चढवले की आपण चित्राच्या आतच आहोत असं वाटतं, ते) घ्यायला मीच लावले, सहा. पहिल्याच तासाला दोघांची बॅटरी संपलेली, एकाचा पट्टा डोक्याला बसेना, प्रत्येक मुलानंतर काचा पुसायच्या, बाकीची पोरं रांगेत ढकलाढकली करतायत, चाळीस मिनिटांच्या तासात प्रत्येकाला हृदयाच्या आत फिरायला जेमतेम दोन-तीन मिनिटं मिळाली आणि घंटा झाली. सहा महिन्यांनी ते सगळे कपाटात. हेडसेट वाईट नव्हते हो, पण ते रोज चार्ज कोण करणार हे कुणीच ठरवलं नव्हतं.

त्याच वर्षी सातवीतला एक मुलगा, ज्याला वाचताना अक्षरं लागायचीच नाहीत, तो धड्याच्या पानाचा फोटो काढून फोनकडून ते मोठ्याने वाचून घ्यायचा, एका कानात इअरफोन आणि बोट पुस्तकावरच्या ओळीवर. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं आणि माझ्या आराखड्यात तर अशा वापराचं नावही नव्हतं.

तेव्हापासून मी उलटं बघतो. शाळा काय विकत घेणार यापेक्षा मुलं आणि शिक्षक स्वतःहून काय वापरायला लागलेत ते बघा, कारण आजकाल नवीन गोष्टी शाळेच्या गेटमधून येतच नाहीत, खिशातून येतात. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ च्या शेवटी आलं आणि कुठल्याही शाळेने खरेदी करायच्या आधीच गृहपाठाच्या वहीत पोचलं होतं. याउलट पेरूमध्ये सरकारने मुलांना लाखो स्वस्त लॅपटॉप वाटले, आणि २०१२ च्या पाहणीत गणित-भाषेच्या गुणांवर काही फरक दिसला नाही. लॅपटॉप आले, पण वर्गात शिकवणं होतं तसंच राहिलं.

म्हणून आराखड्यात उपकरणांची लांबलचक यादी देऊ नका. एखादी नवी गोष्ट दिसली की तिच्यासमोर एवढंच लिहा की ती बंद पडली तर कोण बघणार, आणि शिक्षकाचं नेमकं कुठलं काम कमी होणार. या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'काम वाढणार' असं असेल तर डोळे झाकून खोडा. पैशांचा काही भाग कशासाठी ते न लिहिता मोकळा ठेवा (अकाउंटवाले कुरकुर करतील, करू देत) आणि कागद दरवर्षी नव्याने लिहायचा असं आधीच सांगून टाका.

एआयचा मुद्दा मात्र आत्ताच घाला, ते येणार की नाही हा प्रश्नच उरलेला नाही. बंदी घालून बघितली, मुलं घरी वापरतातच. मी सध्या निबंध तपासून झाला की मुलाला टेबलाजवळ बोलावतो, वही मिटायला सांगतो आणि त्यातला एक मुद्दा तोंडी समजावून सांगायला लावतो. दीड-दोन मिनिटं लागतात, सगळा वर्ग एका दिवसात होत नाही, रोज पाच-सहा जण घेतो. ज्याने स्वतः लिहिलंय तो अडखळत का होईना पण सांगतो, आणि ज्याने नाही लिहिलं तो छताकडे बघायला लागतो.